हिब्रू शास्त्रातील संख्या कशा वाचाव्यात : नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

हिब्रू शास्त्र वाचायला घेतलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत जाणवते की येथे संख्या फार आहेत आणि त्यांतल्या काही ठरावीक संख्या पुन्हा पुन्हा भेटतात. सात दिवस, सात गाई, सात याजक. चाळीस दिवस, चाळीस वर्षे. बारा पुत्र, बारा धोंडे. मग शोधाशोध सुरू होते आणि हाती एखादा तयार तक्ता लागतो : सात म्हणजे पूर्णता, चाळीस म्हणजे कसोटी, बारा म्हणजे प्रजा. तक्ता पाठ होतो, पण समोरचा उतारा काही उलगडत नाही. तक्ता अगदीच चुकीचा असतो असे नाही. एकाच संख्येने शास्त्रात निरनिराळी कामे केलेली आहेत आणि कोणत्या ठिकाणी कोणते काम चालले आहे हे तक्ता सांगू शकत नाही. मी स्वतः या अभ्यासातून गेलो आहे, आणि कोणत्या क्रमाने गेल्यास गोंधळ कमी होतो हे आता नीट सांगता येते. तो क्रम पुढे दिला आहे.

हिब्रू शास्त्र म्हणजे तनाख. मराठी बायबलातला ‘जुना करार’ बहुतांशी तोच. यहुदी गणनेत त्याची पुस्तके २४, तर प्रोटेस्टंट मराठी बायबलात ३९. मजकूर तोच आहे. बारा लहान संदेष्टे यहुदी परंपरेत एकच पुस्तक म्हणून मोजले जातात, शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग केले जात नाहीत, आणि एज्रा व नहेम्या मिळून एक धरतात. मोजणी ही मोजणाऱ्यावरही अवलंबून असते, हे यावरूनच ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

सोबत काय असावे

• मराठी बायबल, शक्य असल्यास दोन वेगळी भाषांतरे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर मिळाले तर तुलनेला फार उपयोगी पडते.
• शब्दसूची, म्हणजे एखादा शब्द शास्त्रात कोठे कोठे आला आहे हे दाखवणारे पुस्तक किंवा अॅप.
• हिब्रू मूळ पाठ आणि समोर भाषांतर असलेली प्रत. ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर ती विनामूल्य वाचता येते, मात्र तेथील भाषांतर इंग्रजी आहे.
• हिब्रू मुळाक्षरे आणि त्यांची अंकमूल्ये दाखवणारा कागद. हा सातव्या पायरीपर्यंत बाजूला ठेवावा.
• एक वही.

१. संख्येची जात आधी ठरवा

कोणतीही संख्या समोर आली की तिचा अर्थ विचारण्याआधी ती येथे कशासाठी आली आहे हे विचारावे. काही संख्या साध्या नोंदी असतात : ‘गणना’ या पुस्तकातील १:४६ (अध्याय १, वचन ४६) मधील ६,०३,५५० पुरुषांची शिरगणती, नोहाच्या तारवाची ३०० हात लांबी, ५० हात रुंदी आणि ३० हात उंची, किंवा बाबेलहून परतलेल्या घराण्यांची एज्राच्या दुसऱ्या अध्यायातली यादी. काही ‘बराच काळ’ किंवा ‘पुष्कळ’ अशा अर्थाच्या रूढ संख्या असतात. काहींवर संपूर्ण उताऱ्याची रचना उभी असते, तर काही काव्यातल्या जोडीसाठी येतात. वहीत प्रत्येक संख्येपुढे यांतली एक जात लिहावी. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह टाकावे आणि खुशाल पुढे जावे.

येथला नेहमीचा सापळा ६६६ या आकड्याचा आहे. शलमोनाकडे एका वर्षात येणारे सोने ६६६ किक्कार (वजनाचे जुने माप) होते असे १ राजे १०:१४ मध्ये आहे, आणि एज्रा २:१३ मध्ये अदोनीकामाचे वंशज ६६६ सांगितले आहेत. हे वाचले की पुष्कळांचे कान टवकारतात. परंतु त्या आकड्याभोवतीची भीती नव्या करारातल्या प्रकटीकरणातून आलेली आहे, आणि ते ग्रीक भाषेतले, पुष्कळ नंतरचे लेखन आहे. शिवाय नहेम्या ७:१८ मध्ये त्याच अदोनीकामाच्या घराण्याची संख्या ६६७ दिली आहे. यादीतला एखादा माणूस कमीजास्त होतो, तसा हा फरक आहे.

२. सातापासून सुरुवात करा, आणि तीही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून

सर्वांत घट्ट विणलेली संख्या सात आहे, म्हणून येथे घाई करू नये. सात दिवसांची निर्मिती सर्वांना ठाऊक असते. परंतु सात ही संख्या त्या कथेच्या शब्दांतही भिनलेली आहे. हिब्रूतले पहिले वचन सात शब्दांचे आहे आणि दुसरे चौदा शब्दांचे. उत्पत्ती १:१ ते २:३ या भागात ‘एलोहीम’, म्हणजे देव, हा शब्द पस्तीस वेळा येतो आणि ‘पृथ्वी’ हा शब्द एकवीस वेळा.

हे सारे हिब्रूशिवाय मोजता येत नाही, पण एक गोष्ट मराठीतूनही पडताळता येते. ‘ते चांगले आहे असे देवाने पाहिले’ हे बोल पेन्सिलीने अधोरेखित करत जावे. पहिल्या दिवशी एकदा (१:४) सापडेल. दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा (१:१०, १२), चौथ्या आणि पाचव्या दिवशी एकेकदा (१:१८, २१), सहाव्या दिवशी पुन्हा दोनदा (१:२५, ३१), आणि त्यांतले शेवटचे ‘फार चांगले’ असे वाढवलेले. बेरीज सात. दिवसागणिक एक अशी वाटणी न करताही एकूण सात भरतात, आणि म्हणूनच ही रचना जाणूनबुजून केलेली वाटते. सेप्टुआजिंट नावाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र दुसऱ्या दिवशीही हे बोल आहेत, त्यामुळे तेथे बेरीज बदलते.

यानंतर शब्बाथाची साखळी पाहावी. सातवा दिवस विश्रांतीचा. लेवीय २५ मध्ये सातवे वर्ष जमिनीच्या विश्रांतीचे. आणि सात गुणिले सात वर्षे झाली की पन्नासावे योबेल वर्ष, ज्यात विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची आणि दास मोकळे व्हायचे. सात या संख्येला ‘पूर्णता’ म्हणतात ते येथून कळते, पण त्या कोरड्या शब्दात जमीन, कर्ज आणि मोकळीक हे काहीच येत नाही. यरीहोच्या कथेत (यहोशवा ६) सात याजक, सात रणशिंगे, सात दिवस आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या आहेत. पहिल्या सहा दिवसांची एकेक फेरी धरली तर एकूण तेरा होतात, पण कथा तेराचा उल्लेखही करत नाही. नामान सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो (२ राजे ५), आणि अब्राहाम अबीमलेखाशी शपथ घेताना सात कोकरे वेगळी काढून ठेवतो (उत्पत्ती २१). हिब्रूत ‘सात’ आणि ‘शपथ’ हे शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत, आणि त्या विहिरीचे बैर-शेबा हे नाव दोन्हींकडे बोट दाखवते.

मराठी वाचकाला या संख्येची एक ओळख घराजवळचीही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ पाळणाऱ्या समाजाच्या उगमकथेत सात जोडपी यावीत, याबद्दलही पहिल्या पायरीतला प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

३. चाळिसाची दोन रूपे वेगळी करा

चाळीस ही संख्या बहुधा एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा काळ मोजते. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पडला. मोशे सीनायवर चाळीस दिवस राहिला. एलीया तेवढेच दिवस चालत होरेबास पोहोचला. गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत उभा राहिला. गणना १४:३४ मध्ये तर हा हिशेब उघड मांडला आहे : हेर चाळीस दिवस देश पाहत होते, म्हणून एका दिवसाला एक याप्रमाणे चाळीस वर्षे अरण्यात भटकावे लागेल. जेथे शास्त्र स्वतःच संख्येचा हिशेब देते, तेथे आपला तर्क मागे ठेवावा आणि तो हिशेब आधी टिपून घ्यावा.

दुसरे रूप पिढीचे. शास्त्यांच्या पुस्तकात ‘देशाला चाळीस वर्षे स्वस्थता मिळाली’ असे वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि एहूदाच्या वेळी त्याची दुप्पट, ऐंशी, होते. मोशेचे १२० वर्षांचे आयुष्य म्हणजे तीन चाळीस. मिसरातून निघाल्यापासून मंदिराचा पाया घातला जाईपर्यंत ४८० वर्षे झाली असे १ राजे ६:१ म्हणते, म्हणजे बारा चाळीस. ग्रीक भाषांतरात तेथे ४४० आहेत. अशा ठिकाणी आकड्यांवरून इतिहासाची तारीख काढू पाहणाऱ्याने फार जपून चालावे. उलट दावीदाची चाळीस वर्षे सरसकट प्रतीक म्हणून सोडूनही देऊ नयेत, कारण २ शमुवेल ५:४-५ त्यांची फोड देते : हेब्रोनात साडेसात वर्षे आणि यरुशलेमेत तेहतीस. प्रत्यक्ष मोजलेला काळ आणि रूढ संख्या येथे एकमेकांजवळ आल्या आहेत.

४. बारा आणि दहा : बेरीज तीच, मोजणी वेगळी

बारा वंशांची यादी जेथे जेथे येते तेथे नावे लिहून काढावीत. उत्पत्ती ४९ मध्ये लेवी आणि योसेफ दोघेही आहेत. गणनेच्या पहिल्या अध्यायात लेवी शिरगणतीतून बाहेर जातो, योसेफाच्या जागी एफ्राईम आणि मनश्शे येतात, आणि संख्या बाराच राहते. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायातील मोशेच्या आशीर्वादात शिमोनाचे नावच नाही. शास्ते ५ मधील दबोरेच्या गीतात दहाच गटांची नावे आहेत, आणि त्यांत यहूदा नाही. म्हणजे ‘बारा’ हा सगळी प्रजा मिळून एक आहे असे सांगण्याचा प्रकार आहे, आणि त्यासाठी आतली नावे हलवली जातात. अहीया संदेष्टा नवा झगा फाडून त्याचे बारा तुकडे करतो आणि दहा यराबामाला देतो (१ राजे ११), तेव्हा राज्य फुटल्याचे दृश्य त्या संख्येमुळेच डोळ्यांपुढे उभे राहते.

दहाबाबत थोडक्यात सांगतो. मिसरावरच्या पीडा दहा होत्या हे आपण मोजून म्हणतो; निर्गमात तो आकडा कोठेच दिलेला नाही, आणि स्तोत्र ७८ व १०५ मध्ये त्या वेगळ्या क्रमाने आणि कमी संख्येने येतात. याउलट ‘दहा वचने’ हा शब्दप्रयोग शास्त्रातच आहे (निर्गम ३४:२८), पण एक आज्ञा कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे तेथे सांगितलेले नाही. म्हणून गोव्यातला कॅथलिक वाचक ‘सहावी आज्ञा’ म्हणतो तेव्हा त्याला व्यभिचाराची आज्ञा अभिप्रेत असते, आणि अहमदनगरचा प्रोटेस्टंट वाचक तेच शब्द उच्चारतो तेव्हा खुनाची. यहुदी गणनेतही खुनाची आज्ञा सहावीच आहे. चर्चा करताना आज्ञेचा क्रमांक न सांगता आज्ञाच म्हणून दाखवावी.

५. चढती जोडी ओळखा

आमोसाच्या पहिल्या दोन अध्यायांत ‘तीन अपराधांमुळे, नव्हे चार अपराधांमुळे’ असे पालुपद आहे. नवा वाचक चार अपराध शोधू लागतो, आणि बहुतेक राष्ट्रांच्या बाबतीत त्याला एखाददुसराच सापडतो. ही हिब्रू काव्याची लकब आहे : पहिल्या चरणात एक संख्या, दुसऱ्यात तिच्याहून एकाने मोठी. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ पासून मिळालेल्या, उगारिट या प्राचीन नगराच्या पाट्यांवरही हीच लकब दिसते, म्हणजे ती त्या सगळ्या प्रदेशाच्या काव्याची होती. नीतिसूत्रे ६:१६-१९ मध्ये ‘सहा गोष्टी, नव्हे सात’ म्हटल्यावर पुढे खरोखर सात गोष्टी मोजून दिल्या आहेत. म्हणून नियम इतकाच की जोडी दिसली तर पुढची यादी मोजून पाहावी. यादी असेल तर मोठी संख्या खरी धरावी, नसेल तर ‘कितीतरी’ एवढाच अर्थ घ्यावा. आमोसात इस्राएलाची पाळी येते तेव्हा मात्र आरोपांची यादी एकदम लांबते. इतरांची पापे ऐकून मान डोलावणाऱ्या श्रोत्यांना तो धक्का मुद्दाम दिलेला आहे, असे माझे मत आहे.

६. अर्थ लावण्याआधी पाठभेद पाहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. संख्या नकलून घेताना बदलू शकते आणि जुन्या प्रतींत ती ठिकठिकाणी वेगळी आहे. योनाच्या घोषणेत हिब्रू पाठात निनवेला चाळीस दिवसांची मुदत आहे, ग्रीक सेप्टुआजिंटमध्ये तीनच दिवसांची. मिसरात गेलेले याकोबाचे घराणे हिब्रूत सत्तर जणांचे आहे, ग्रीकमध्ये पंचाहत्तर. गल्याथाची उंची हिब्रूत सहा हात आणि एक वीत. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या शमुवेलाच्या एका गुंडाळीत आणि ग्रीकमध्ये चार हात आणि एक वीत. उत्पत्ती ५ मधली आयुर्मर्यादा हिब्रू, शोमरोनी (शोमरोनी समाजाने जपलेला) आणि ग्रीक अशा तिन्ही पाठांत जुळत नाही. जुन्या ग्रीक पाठाचा हिशेब काटेकोर धरला तर मथुशलह जलप्रलयानंतर चौदा वर्षे जिवंत राहतो, आणि तो तारवात तर नव्हता. १ शमुवेल १३:१ मध्ये शौल राजा झाला तेव्हाच्या वयाचा आकडाच हिब्रू पाठातून गळालेला दिसतो, म्हणून भाषांतरांत तेथे एकमत नाही. ज्या संख्येवर मोठा अर्थ उभारायचा आहे ती निदान दोन पाठांत पडताळावी.

याच पायरीवर दुसरा सापळा आहे. अध्याय आणि वचने यांचे क्रमांक मूळ लेखनाचा भाग नाहीत. आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि योएलाचे हिब्रू प्रतीत चार अध्याय असतात तर मराठीत तीन. स्तोत्राचे शीर्षक हिब्रूत पुष्कळदा पहिले वचन म्हणून मोजतात, त्यामुळे पुढचे क्रमांक एकाने सरकतात. अध्यायाच्या किंवा वचनाच्या क्रमांकातून गूढार्थ काढणाऱ्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

७. गेमात्रिया शेवटी, आणि कोणाचे म्हणणे आहे ते लिहून

हिब्रू अक्षरांना अंकमूल्ये आहेत : आलेफ १, योद १०, कोफ १००, ताव ४००. या मूल्यांची बेरीज करून शब्दांचे नाते जोडण्याच्या पद्धतीला गेमात्रिया म्हणतात. ती आकर्षक आहे, आणि म्हणूनच ती आधी हाती घेतली तर आधीच्या सहाही पायऱ्या बाजूला पडतात. शास्त्राच्या मूळ पाठात संख्या अक्षरचिन्हांनी लिहिलेल्या नाहीत, शब्दांत लिहिलेल्या आहेत. अक्षरांनी अंक लिहिण्याची रीत नंतर रुळली. त्या रीतीत पंधरा हा अंक ‘योद’ (१०) आणि ‘हे’ (५) ही अक्षरे मिळून व्हायला हवा, पण ती देवाच्या नावातली अक्षरे असल्याने तेत आणि वाव, म्हणजे नऊ अधिक सहा, असे लिहितात.

उत्तम नमुना उत्पत्ती १४:१४ चा आहे. पुतण्या लोटाला सोडवायला अब्राम (पुढचा अब्राहाम) घरची ३१८ माणसे घेऊन निघतो. त्याचा सेवक एलियेजर याच्या नावाच्या अक्षरांची बेरीज करावी : १, ३०, १०, ७०, ७, २००. एकूण ३१८. यावरून तो एकटा एलियेजरच होता असे एक मत तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, दिले आहे. हे वहीत लिहिताना ‘शास्त्र म्हणते’ असे लिहू नये, ‘तालमूदमध्ये एक मत आहे’ असे लिहावे. तसेच एलीम येथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे होती एवढेच निर्गम १५:२७ सांगते; ते झरे बारा वंशांसाठी आणि ती झाडे सत्तर वडिलांसाठी, हे राशी नावाच्या यहुदी पंडितासारख्या टीकाकारांचे म्हणणे. दोन्ही वाचनीय आहेत, फक्त दोन स्तंभांत ठेवावीत. आणि स्वतः बेरजा करताना हेही पाहावे की हिब्रूत तोच शब्द वाव किंवा योद घालून आणि न घालता अशा दोन्ही प्रकारे लिहिलेला आढळतो. सोयीचे शुद्धलेखन निवडले की हवी ती बेरीज मिळते.

८. सरावाला १ राजे, अध्याय १८ आणि १९

वरच्या जवळजवळ सगळ्या जाती या दोन अध्यायांत एकत्र भेटतात, म्हणून पहिला सराव येथे करावा. ओबद्या शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहेत लपवतो, आणि बआल या दैवताचे ४५० संदेष्टे येतात : या संख्या प्रथम नोंद म्हणून लिहाव्यात. एलीया याकोबाच्या पुत्रांच्या वंशांच्या संख्येइतके बारा धोंडे घेऊन वेदी बांधतो. राज्य तेव्हा फुटलेले होते आणि तो उत्तरेच्या राज्यात उभा होता, हे लक्षात घेतले की ते बारा धोंडे बोलू लागतात. मग चार घागरी पाणी तीन वेळा ओतले जाते. चार त्रिक बारा हे मजकूर सांगत नाही, त्यामुळे तेथे प्रश्नचिन्ह टाकावे. पाऊस येतो का हे पाहायला सेवकाला सात वेळा पाठवले जाते, आणि सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसतो. पुढे होरेबापर्यंत चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. येथे मोशेचा सीनायवरचा मुक्काम (निर्गम ३४:२८) शेजारी उघडून ठेवावा, कारण दोघेही त्या काळात अन्नाविना राहतात आणि दोघेही त्याच डोंगरावर आहेत (होरेब म्हणजेच सीनाय). मग बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार, आणि शेवटी बैलांच्या बारा जोड्या लावून नांगरणी करणारा अलीशा, स्वतः बाराव्या जोडीबरोबर असलेला. बारा धोंड्यांना आणि या बारा जोड्यांना एकच जात द्यावी की दोन, हे ठरवताना दोन्ही वचने पुन्हा वाचावीत : धोंड्यांच्या बाबतीत कारण मजकुरातच दिले आहे, जोड्यांच्या बाबतीत दिलेले नाही.